दत्ता उस्तादांची माळ

उज्जैनला देवास रोडवर दत्ता उस्तादांचं गॅरेज कुठे आहे असं विचारलं, की कुणी बोर्डावरचं नाव सांगत नसे. "वो जहाँ दरवाज़े पे माला लटकी है," एवढंच सांगत, आणि तेवढं पुरत असे. ती माळ फुलांची नव्हती. जाड तारेत ओवलेले पितळेचे थर्मोस्टॅट होते ते, लहान वाटीएवढे, मध्ये स्प्रिंग असलेले. ट्रकचं इंजिन थंड आहे तोवर त्यातलं पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही आणि इंजिन तापलं की वाट मोकळी करायची, हे त्या तुकड्याचं काम. उस्तादांच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकमधून तो निघे आणि माळेत जाई. दर खंडेनवमीला पान्या-हातोड्यांबरोबर त्या माळेलाही हळदकुंकू मिळे.

मी त्यांना दत्ताभावजी म्हणत असे. दत्तात्रय पोतनीस हे माझ्या नवऱ्याचे, सुधाकरचे, शाळेपासूनचे दोस्त. पोतनिसांच्या कुठल्याशा पणजोबांनी दरबारी खजिन्याच्या किल्ल्या सांभाळल्या होत्या. घरातले बाकी सगळे बँकेत किंवा रेल्वेत चिकटले, हे मात्र दहावीनंतर सरळ ट्रकखाली जाऊन पडले. त्यांची आई पाहुण्यांना "आमचा दत्ता मशिनरीत आहे" असं सांगे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पोहे आणायला उठे. माणूस किडमिडीत, चष्म्याला काडीऐवजी दोरा, आणि बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. लग्नकार्यात ते नखं खिशात लपवून बसत. मला त्यांची खूप गंमत वाटे. आमच्या घरात सुधाकरच्या सख्ख्या भावांपेक्षा त्यांचा शब्द मोठा होता.

त्यांच्या डाव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत होती, एकही केस नाही. तरुणपणी मानपूरच्या घाटात एक ट्रक उकळला, यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी अंगावर आलं. आत थर्मोस्टॅट अडकून बसलेला होता. तेव्हापासून त्यांनी त्या तुकड्याशी वैर धरलं. तसं हे वेड त्यांच्या एकट्याचं नव्हतं, अख्ख्या माळव्यातले मिस्त्री हेच करत. हा भाग थंड विलायती हवेसाठी बनवलाय, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचं काय काम, नसला म्हणजे अडकणारही नाही, असा साधा हिशेब होता. ट्रकवालेही खूश असत, कारण तापमानाचा काटा मग तळाशीच पडून राही. काटा खाली म्हणजे इंजिन सुखात, असं भावजी मानत. या एका गोष्टीवर त्यांनी कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही.

सुधाकर कापडाच्या मिलमध्ये टाइमकीपर होता. नव्वदीच्या सुरुवातीला रेडिओवर खुल्या बाजाराची भाषणं रंगात आली आणि आमच्या मिलचा भोंगा बंद पडला. बाजार कुणासाठी खुला झाला मला माहीत नाही. आमच्यासाठी एक फाटक बंद झालं एवढंच मला दिसलं. वर्षभर सुधाकर फ्रीगंजमध्ये या दुकानातून त्या दुकानात नोकरी विचारत फिरला. शेवटी मिलकडून जे काही हातात आलं त्यातून जुना ट्रक घ्यायचं ठरलं, आणि तो निवडायचं काम अर्थातच भावजींचं.

त्यांनी जम्मूकडच्या एका मालकाचा ट्रक शोधून काढला. इंजिन चांगलं होतं, चेसिस सरळ होता, आणि माळव्यात कुणी न पाहिलेली एक चीज त्यात होती, केबिनमध्ये हीटर. डॅशबोर्डखाली एक पत्र्याची पेटी, तिला इंजिनकडून आलेले दोन रबरी पाइप आणि मागे पंखा. इंजिनचं गरम पाणी पेटीतून फिरायचं आणि पंख्याने गरम हवा पायांवर यायची. आम्ही सगळे बघायला गेलो तेव्हा भावजींनी पहिलं काम केलं ते थर्मोस्टॅट काढण्याचं. त्याच्या कडेला आधीच्या मिस्त्रीने लाल रंग फासला होता. "हा लाल वाला मध्यभागी घालू, पदक शोभेल," असं म्हणून त्यांनी तो माळेत ओवला. सुधाकरने हीटरबद्दल विचारलं तर म्हणाले, "राहू दे की. उज्जैनात काय करणार त्याचं, पापड वाळव."

सगळे हसलो. मीही हसले.

ट्रकवर भेरूलाल नावाचा भैरवगढ़चा मुरलेला ड्रायव्हर ठेवला आणि सुधाकर त्याच्याबरोबर राहून शिकला. त्या वर्षांत आमच्या भागात सोयाबीनच्या तेलाचे कारखाने जोरात होते. तेलाचे डबे घेऊन गाडी कधी दिल्लीला, कधी अमृतसरला जाई. पहिल्या हिवाळ्यात पंजाबच्या धुक्यातून सुधाकर परत आला तो खोकत. हीटर लावला तर गार हवा येते, म्हणाला. तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही, चादर वाढवली. पण दुसऱ्या हिवाळ्यात श्रीनगरचं भाडं मिळालं. तिकडे जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून भाडं चांगलं होतं. मी नको म्हणत होते. मला भीती बंदुकीची होती, पेपरात रोज तेच असायचं. सुधाकर म्हणाला, बंदुकवाले तेलाच्या डब्यांना काय करणार, फक्त थंडीचं बघितलं पाहिजे. आणि ट्रक भावजींकडे गेला.

भावजींनी किती मनापासून काम केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणूनच सांगते. मी डबा घेऊन गॅरेजवर जात होते. आधी त्यांनी रेडिएटरमधल्या पाण्याची पातळी पाहिली, कारण पाणी कमी असलं की ते हीटरच्या पेटीपर्यंत चढत नाही. पाणी पुरेसं होतं. मग म्हणाले, लाइनमध्ये हवा अडकली असेल. ट्रक चढावर उभा करून पुढची बाजू उंच केली, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं आणि पाइप हाताने दाबत बसले. बुडबुडे निघाले, ते खूश झाले. हीटर तरी गारच. मग पेटी उतरवून तिच्यात उलट्या बाजूने पाणी सोडलं. चहासारखं तांबडं पाणी आणि गंजाचा चिखल बाहेर आला. "हे बघ सुध्या, नस ब्लॉक होती," असं म्हणून त्यांनी तो चिखल आम्हा दोघांना दाखवला. इंजिनपाशी हीटरची तोटी असते, तीही नवी घातली. थंडीत पाणी गोठू नये म्हणून हिरवं कूलंट स्वतः इंदूरला जाऊन घेऊन आले. एवढं सख्खा भाऊ करत नाही.

शेवटी पेटी परत बसवली आणि इंजिन बराच वेळ चालवलं. भावजी बॉनेटपाशी, सुधाकर केबिनमध्ये, मी खाली डबा धरून उभी.

"गरम येतंय का?" भावजींनी ओरडून विचारलं.

सुधाकरने पंख्यापुढे हात धरला. "कोमट येतंय!"

भावजींनी पेटीत जाणारा पाइप एका हातात धरला, बाहेर येणारा दुसऱ्या हातात. दोन्ही सारखेच लागले. म्हणजे पाणी आत जातंय, फिरतंय आणि बाहेर येतंय. त्यांचं समाधान झालं. "अरे, इथे ऊन आहे म्हणून कोमट लागतंय. वर बर्फात हेच तुला गरम नाही वाटलं तर नाव बदलीन."

"वहिनी, टेन्शन नका घेऊ," ते मला म्हणाले. "पूर्ण चेक केलंय."

काटा तळाशी होता. तो त्यांनी पाहिला आणि त्यांना बरं वाटलं. बाकी सगळं त्यांनी तपासलं. पाणी मुळात तापतंय का, एवढंच तपासायचं त्यांच्या मनात आलं नाही, कारण न तापणारं इंजिन हेच त्यांच्या मते चांगलं इंजिन होतं.

संक्रांत झाली आणि गाडी निघाली. बनिहालच्या अलीकडे बर्फ पडून रस्ता बंद झाला. पुढे-मागे ट्रकांची रांग, हलायला जागा नाही. भेरूलाल हातापायांना मुंग्या येतात म्हणून जवळच्या ढाब्यात झोपायला गेला. डबे चोरीला जातील म्हणून सुधाकर केबिनमध्येच राहिला. हीटरमधून गार हवा येत होती, म्हणून त्याने ढाबेवाल्याकडून कोळशाची शेगडी मागून आणली आणि काचा घट्ट लावून घेतल्या. सकाळी भेरूलालने दार वाजवलं, मग काच फोडली. कोळशाच्या धुराने माणूस झोपेतच गेला होता. चेहऱ्यावर काही त्रास नव्हता, असं सगळ्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याने मला काय बरं वाटणार होतं कुणास ठाऊक.

जम्मूहून रेल्वेने त्याला आणलं. स्टेशनपासून चक्रतीर्थाच्या स्मशानापर्यंत सगळं भावजींनी केलं. लाकडं, भटजी, माझ्या सासूबाईंना सावरणं, आमच्या मुलीला शेजारी ठेवणं. रडले नाहीत. भेटायला येणारे शेगडीला नावं ठेवत. एवढा शिकलेला माणूस, बंद केबिनमध्ये कोळसा कसा पेटवला, म्हणत. कुणी दैवाला बोल लावला. गॅरेजचं नाव कुणाच्या तोंडून आलं नाही, आलं असतं तर मीच भांडले असते.

रस्ता उघडल्यावर भेरूलाल जाऊन ट्रक घेऊन आला, तोपर्यंत शिमगा झाला होता. ट्रक गॅरेजवर लागला आणि त्यानंतर भावजी आमच्याकडे यायचे बंद झाले. रोज एक चक्कर असायची त्यांची. प्रतिभावहिनी, म्हणजे त्यांची बायको, भाजी-दूध विचारून जायची, पण नजर चुकवायची. मला वाटलं, चला, इथपर्यंतच होती यांची दोस्ती.

मग एका दुपारी ते आले. दाढी वाढलेली, दोऱ्याचा चष्मा तोच. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"वहिनी, एका पातेल्यात पाणी ठेवता का गॅसवर?"

मला वाटलं चहा हवा असेल. पाणी ठेवलं. त्यांनी खिशातून लाल कडेचा थर्मोस्टॅट काढला. घासून स्वच्छ केला होता. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला.

"आत्ता बंद आहे. बघा."

आम्ही दोघं पातेल्यात बघत उभे राहिलो. पाण्यातून वाफ यायला लागली, तळाला बुडबुडे धरले आणि त्या तुकड्याच्या मधली चकती हळूहळू वर उचलली गेली. फट पडली, मग चांगली मोठी झाली.

"चांगला होता हा," भावजी म्हणाले. "खराब नव्हता. मी चांगला काढला."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, थांबत थांबत. हा तुकडा नसला की इंजिन सुरू झाल्यापासूनच पाणी रेडिएटरमधून फिरत राहतं. उज्जैनात ते थोडंफार तापतं. बर्फात बाहेरची गार हवा रेडिएटरवर येत राहते, पाणी तापतच नाही. मग हीटर कितीही साफ केला तरी गारच.

"दोन्ही पाइप हातात धरले होते मी. सारखे लागले म्हणून खूश झालो. सारखे कोमट होते ते, वहिनी, गरम नव्हते."

मी गॅस बंद केला.

"अजून एक आहे," ते म्हणाले. "भेरूलालने मला सांगितलं. तुम्हाला नाही सांगितलं त्याने."

जाताना जम्मूत सुधाकरने एका सरदारजी मिस्त्रीला हीटर दाखवला होता. त्याने इंजिनला हात लावला आणि लगेच विचारलं, थर्मोस्टेट किसने निकाला? त्याच्याकडे नवा होता, थोड्या वेळात बसवून देतो म्हणाला. सुधाकरने नको म्हटलं. भेरूलालने तेव्हाही सांगून पाहिलं, साब, लगवा लो. तर सुधाकर त्याला म्हणाला, "हमारे दत्ता ने निकाला है. सोच के ही निकाला होगा."

हे वाक्य भावजींनी हिंदीतच सांगितलं, जसंच्या तसं.

त्यांचा उजवा हात धड होता. पातेल्यातलं पाणी त्या हातावर ओतावं असं मला वाटलं. हे मी कुणापासून लपवत नाही. मी सांडशीने तो तुकडा बाहेर काढला, त्यांच्यापुढे ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "घेऊन जा." ते थांबले. "कशाला सांगितलंत मला?" मी विचारलं. "कुणाला कळणार होतं?"

"कुणालाच नाही," ते म्हणाले. तुकडा अजून पोळत होता, तो तसाच मुठीत घेऊन ते गेले.

दुसऱ्या दिवशी प्रतिभावहिनी आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. "मी यांना म्हणत होते, नका सांगू. शैलाला जगू द्या." मी तिला पाणी दिलं. न सांगता ते आमच्याकडे येत राहिले असते, मुलीला खाऊ आणत राहिले असते, तर बरं झालं असतं का, हा विचार मी नंतर पुष्कळ केला. मला दोन्ही बाजूंनी रागच येतो.

गॅरेजच्या दारावरची माळ उतरली. माळ गेली तशी नव्या माणसांना गॅरेज सापडेना. जुने ड्रायव्हर येत, तर भावजी प्रत्येकाला थर्मोस्टॅट परत बसवून घे म्हणून मागे लागत. "उस्ताद, गाड़ी उबालनी है क्या?" असं म्हणून ते हसत. आयुष्यभर यांनीच त्यांना शिकवलेलं, आता उलटं सांगून कोण ऐकणार? एकाने बसवून घेतला. तो तुकडा बाजारातला बनावट निघाला आणि मानपूरच्या घाटातच इंजिन उकळलं. त्या मालकाने गॅरेजवर येऊन चारचौघांत भावजींची कॉलर धरली. पुढे उस्तादाचं डोकं फिरलंय असं देवास रोडवर ठरून गेलं, आणि कामं शेजारच्या गॅरेजमध्ये जाऊ लागली. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जात, जुन्या त्यांना टाळत.

मला या सगळ्याचं वाईट वाटलं का? वाटलं. बरं वाटलं का? तेही वाटलं.

आमचा ट्रक तिथेच उभा होता. तो चालवणारं घरात कुणी नव्हतं आणि मला तो नजरेसमोर नको होता. पुढच्या थंडीत एक गिऱ्हाईक आलं, पठाणकोटचा मालक, गाडी डोंगरातच चालवणारा. सौदा ठरला. तेव्हा मी गॅरेजवर गेले. तिथे पाय ठेवायला मला वर्ष लागलं.

"गाडी द्यायच्या आधी हीटर चालू करा," मी म्हटलं. "तोच तुकडा बसवा. लालवाला."

"नवा घालतो, वहिनी, चांगल्या कंपनीचा."

"तोच."

त्यांनी तो कुठूनतरी फडक्यात गुंडाळलेला आणला. बसवताना त्यांच्या हातून पाना दोनदा सुटला. इंजिन चालू केलं. मी केबिनमध्ये चढले आणि सुधाकरच्या जागेवर बसले. फुटलेल्या काचेच्या जागी भेरूलालने घातलेली नवी काच होती. पायाशी हीटरची पेटी.

बराच वेळ काही झालं नाही. मग काटा हलला. मी त्या गाडीत कधीच पाहिला नव्हता तेवढा वर चढला आणि मध्यावर येऊन थांबला. मी पंख्याचं बटण दाबलं.

"गरम येतंय का?" बॉनेटमागून भावजींचा आवाज आला.

मी पंख्यापुढे हात धरला. त्यांनी पुन्हा विचारलं, "वहिनी, गरम येतंय का?"

"येतंय."

"कोमट की गरम?"

"गरम," मी म्हटलं.

बॉनेट उघडंच होतं, त्यामुळे ते मला दिसत नव्हते, आणि ते पुढेही आले नाहीत. हवा इतकी गरम होती की पायांना चटका बसत होता, पाय मागे घ्यायला हवे होते. मी घेतले नाहीत.